सोलापूर शहराचीं छायाचित्रें : साधन या दृष्टीनें परीक्षण

सोलापुरांतील तरुण मंडळींत अलीकडे एक नवीन परिपाठ पडला आहे. सुटीच्या दिवशीं उन्हें वर येण्यापूर्वीं चार-दोघांनीं मिळून निघावें, कधीं भुईकोटाच्या तटाखालून सिद्धेश्वर तळ्याच्या कांठानें, कधीं बाळीवेशींतून, कधीं चाटी गल्लींतून पायीं हिंडावें, आणि वाटेंत दिसेल ती कमान, चौकट, सज्जा, दिवळी, पायरीचा दगड यांचें छायाचित्र खिशांतील मोबाइल यंत्रानें टिपावें, असा हा उद्योग आहे. अशीं चित्रें आमच्याकडे वरचेवर येतात आणि त्यांबरोबर एक प्रश्नही येतो : यांचा इतिहासास उपयोग किती? विचारणाऱ्यांची अपेक्षा बहुधा कौतुकाची असते. कौतुक करण्याजोगें यांत पुष्कळ आहे व तें आम्ही करूंच. परंतु एखाद्या साधनाची परीक्षा करावयाची झाल्यास ती नुसत्या कौतुकानें होत नाहीं.

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड छापला, तेव्हांपासून महाराष्ट्रांत जुना कागद पारखण्याची एक रीत रूढ झाली. कागद कोणाच्या दप्तरांत सांपडला, मायना काय, मित्ती कोणती, शिक्का व मोर्तब आहे कीं नाहीं, अक्षर त्या काळचें आहे काय, अस्सल कीं नक्कल, इतक्या प्रश्नांचीं उत्तरें शोधल्यावांचून मजकुराकडे वळावयाचें नाहीं, ही ती रीत. छायाचित्र हा असाच एक कागद आहे. फरक इतकाच कीं, तो स्वतः कांहीं बोलत नसतां पाहणारास सर्व कांहीं बोलल्याचा भास होतो. लेखी कागद बनावट असेल अशी शंका आपण सहज घेतों. चित्रापुढें ती घेण्याचें आपल्यास सुचत नाहीं.

उदाहरणासाठीं एक चित्र घेऊं. याच्यासारखीं चित्रें आमच्या पाहण्यांत इतक्या वेळां आलीं आहेत कीं त्यांचा एक स्वतंत्र वर्गच मानावा. जुन्या सागवानी दाराची लोखंडी कडी. तिच्याभोंवतीं फुलाच्या आकाराचा पत्रा. लाकडाच्या शिरा स्पष्ट. उजवीकडून तिरपें ऊन पडलेलें. चित्र सुंदर असतें यांत शंका नाहीं. खालीं ‘जुनें सोलापूर’ हे दोनच शब्द. आतां हें दार शुक्रवार पेठेंतील कीं पाच्छा पेठेंतील? रस्त्याकडचें कीं आंतल्या चौकांतील? त्याच वाड्याचें मूळचें, कीं दुसरा एखादा वाडा पडला तेव्हां त्याचें लांकूड विकत घेऊन येथें बसविलेलें? कडी दाराच्या वयाची कीं मागाहून ठोकलेली? चित्र यांपैकीं एकाही प्रश्नाला उत्तर देत नाहीं, कारण चित्र घेणारानें दार सोडून कडी घेतली, घर सोडून दार घेतलें आणि रस्ता तर पाहिलाच नाहीं. एखाद्यानें जुन्या पत्रावरील शिक्का सुंदर आहे म्हणून तेवढा कातरीनें कापून घ्यावा, त्यांतलाच हा प्रकार. शिक्का हातीं राहतो, पत्र मरतें.

याहून बोधप्रद असें एक चित्र आम्हीं पाहिलें. भुईकोटाच्या तटांत जुन्या देवळांचे कोरीव दगड ठिकठिकाणीं बसविलेले आहेत. त्यांतील एका दगडावरील मूर्ति तटांत आडवी बसविलेली असतां चित्र घेणारानें ती पाहणारास सोयीची व्हावी म्हणून चित्रच उभें फिरवून ठेविलें होतें, आणि भोंवतालचा तट छाटून टाकला होता. हेतु चांगला, परंतु फळ असें कीं त्या दगडानें सांगण्याजोगी जी एकच गोष्ट होती तीच गेली. दगड आडवा बसला आहे याचा अर्थ, बसविणारास तो मूर्ति म्हणून नको होता, घडीव दगड म्हणून हवा होता. मूर्ति कोणत्या देवतेची हें मूर्तिशास्त्राचें पुस्तक सांगेल. ती तटांत कशी, कोणत्या थरांत, कोणत्या दगडांच्या शेजारीं आली हें तो तट सोडून दुसरें कोणी सांगणार नाहीं.

हा दोष सोलापुरांत विशेष जाचतो, त्यास कारण आहे. सोलापूरच्या जुन्या घराची मौज त्याच्या एखाद्या अवयवांत नसून अवयवांच्या शेजारांत आहे. हें गांव बहामनी व आदिलशाही अमलाखालीं राहिलें, मोंगलांकडे गेलें, पेशवाईंत आलें, १८१८ त इंग्रजांनीं घेतलें. १८६० त आगगाडी आली, १८७७ त जुनी गिरणी सुरू झाली आणि मागाहून लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या निघाल्या. तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले, माग आले, चादरी आल्या. ही सर्व कथा एकेका घराच्या दर्शनी भिंतीवर लिहिलेली सांपडते. खालीं काळ्या दगडाचें जोतें. त्यावर भाजक्या विटेची भिंत. वर पांढऱ्या मातीचें माळवद. माळवदाच्या कडेस गिरणीच्या अमदानींत बसविलेला ओतीव लोखंडाचा कठडा. आणि दारावर मराठी, कानडी, तेलुगु वा उर्दू अक्षरांची पाटी, कधीं दोन लिप्यांची एकाखालीं एक. यांतला प्रत्येक थर निराळ्या पिढीचा, आणि कोणता थर कोणत्यावर चढला आहे हाच पुरावा. नुसत्या कठड्याचें सुरेख चित्र घेतलें तर तो कठडा मुंबईचा म्हणून दाखविला तरी कोणास कळणार नाहीं. माळवदासकट घेतला कीं तो सोलापूरचाच ठरतो.

कडी-कोयंड्याचें चित्र घेऊंच नये असें आमचें म्हणणें आहे असा कोणी समज करून घेऊं नये. पॅरिस शहरांत यूजेन आत्झे या छायाचित्रकारानें सुमारें तीस वर्षें, १९२७ त मरेपर्यंत, अवजड यंत्र खांद्यावर घेऊन हाच उद्योग केला. दारावरील ठोकण्या, जिन्यांचे कठडे, दुकानांच्या पाट्या, अंगणें यांचीं त्याचीं चित्रें हजारोंनीं मोजावीं लागतात. परंतु त्यानें चित्रांस अनुक्रमांक दिले आणि रस्त्याचें नांव व घराचा क्रमांक टिपून ठेविला. १९२० सालीं अडीच हजारांवर कांचा त्यानें सरकारच्या प्राचीन वास्तूंच्या खात्यास विकल्या, त्या तें खातें घेऊं शकलें तें या टिपणांमुळेंच. आज त्याची गणना थोर कलावंतांत होते. तो स्वतः आपल्या चित्रांस केवळ ‘दस्तऐवज’ म्हणे, आणि आमच्या मतें त्याचें तें म्हणणें विनयाचें नव्हतें, नेमकें होतें.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. जुन्या पोथीत मागाहून कोणी ओंवी घुसडली तर तिला आपण प्रक्षेप म्हणतों व तो शोधून काढण्यांत संशोधकांचीं वर्षें जातात. हल्लीं चित्र घेतल्यावर त्यांतील विजेच्या तारा पुसून टाकणें, भिंतीवरील जाहिरात नाहींशी करणें, आकाश निळें करणें आणि साऱ्या चित्रास जुनेपणाचा पिवळा रंग देणें हीं कामें बोटाच्या एका स्पर्शानें होतात. हा उलटा प्रक्षेप होय. येथें घातलें जातें त्याहून पुसलें जातें तें अधिक. ज्यांस ‘जुनें’ सोलापूर दाखवावयाचें आहे त्यांना तारा विद्रूप वाटणें स्वाभाविक आहे. परंतु तारांच्या त्या जंजाळावरून गल्लींत दाटी किती, वरच्या मजल्यावर बिऱ्हाडें किती, माग विजेवर चालतात कीं काय, हें पुढील शतकांतला अभ्यासक ओळखील. पिवळा रंग तर सरळ सरळ खोटी मित्ती घालण्यासारखा आहे. २०२० नंतर घेतलेलें चित्र १९२० चें भासावें असा ज्याचा हेतु, त्याचें चित्र बखरीच्या वर्गांत घालावें, अस्सल पत्रांच्या वर्गांत नव्हे. आणि बखरीचेंही मोल असतें, परंतु ती बखर आहे हें आधीं ठाऊक पाहिजे.

यंत्राच्या भिंगाचाही एक खोडसाळपणा आहे. मोबाइल यंत्रांतील रुंद भिंगानें अरुंद गल्ली ऐसपैस दिसते आणि समोरासमोरच्या भिंती वरच्या अंगास एकमेकींकडे कललेल्या दिसतात. चित्रांत एखादा उभा मनुष्य, सायकल किंवा मोजपट्टी असली म्हणजे रुंदीचा अदमास राहतो. कित्येक जण चित्रांत मनुष्य येऊं नये म्हणून पंधरा-पंधरा मिनिटें ताटकळत उभे राहतात. त्यांना आमची विनंति कीं, मनुष्यास येऊं द्यावें.

आतां निवडीविषयीं. आमच्याकडे आलेल्या चित्रांत किल्ल्याचे बुरूज, सिद्धेश्वराचें देऊळ तळ्याच्या पाण्यांत पडलेल्या छायेसह, आणि अप्पासाहेब वारद यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं उभारलेलें इंद्रभुवन, या तिघांचाच भरणा आहे. इंद्रभुवनाची दर्शनी बाजू तर इतक्या जणांनीं इतक्या वेळां घेतली आहे कीं तीं चित्रें एकावर एक ठेवून पाठभेद शोधावे! त्याच इमारतीच्या बाजू आणि मागील अंग मात्र क्वचितच कोणी घेतलें असेल. या तीन वास्तू उद्यां पडणार नाहींत. त्यांची काळजी घेण्यास महानगरपालिका आहे, पंच आहेत, भाविक आहेत. जें उद्यां पडणार आहे तें कोणत्या तरी बोळांतील नांव नसलेलें माळवदी घर.

ही चूक आजची नाहीं. सोलापूरहून विजापूर साठ मैलांच्या सुमारास आहे. तेथील वास्तूंचीं छायाचित्रें घेण्यास कंपनी सरकारनें १८५५ सालीं तोफखान्यांतील कॅप्टन टॉमस बिग्ज यास नेमिलें. त्याच्या व इतरांच्या चित्रांचा ग्रंथ मेडोज टेलर व जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६६ त लंडनास निघाला. ग्रंथ मोलाचा आहे. चित्रें अशीं कीं आजही दगड मोजून घ्यावा. परंतु सारा रोख गोल घुमट, इब्राहिम रोजा, जामा मशीद यांसारख्या थोर इमारतींवर. त्या इमारतींच्या पायथ्याशीं जी माणसें राहत होतीं त्यांचीं घरें कशीं होतीं हें जाणून घ्यावयाचें तर ग्रंथ मिटून दुसरीकडे जावें लागतें.

आणि याच काळांत सोलापुरांत काय झालें तें पाहावें. गांवाभोंवतीं सुमारें अडीच मैल घेराचा कोट होता. वाढत्या वस्तीस जागा व्हावी म्हणून १८७२ च्या सुमारास म्युनिसिपालिटीनें त्याची पूर्वेकडील सर्व भिंत आणि इतर बाजूंचे कांहीं भाग पाडले. हें आपल्यास कळतें तें ग्याझेटियरांतील चार ओळींवरून. तुळजापूर वेस, विजापूर वेस, बाळीवेस, कुंभार वेस हीं नांवें आज रोज लोकांच्या तोंडीं आहेत, बसच्या पाट्यांवर आहेत. वेस मात्र नाहीं. त्या वेळीं छायाचित्राचें यंत्र नव्हतें काय? मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालींच निघाली होती व तिच्या कामांत डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक होते. सोलापुरास आगगाडी येऊन बारा वर्षें झालीं होतीं. यंत्र होतें, वाहन होतें. गांवकोसाची मातकट भिंत चित्र घेण्याजोगी आहे असें वाटणारी दृष्टि तेवढी नव्हती. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १८७५ त, लंडनमध्यें ऑक्सफर्ड आर्म्स नांवाची एक जुनी पथिकशाळा पडणार असें कळतांच कांहीं गृहस्थांनीं मंडळी जमवून तिचीं चित्रें घेवविलीं आणि १८८६ पर्यंत जुन्या लंडनचीं एकशें वीस चित्रें वर्णनासह प्रसिद्ध केलीं. पथिकशाळा पडलीच. परंतु ती कशी होती हा प्रश्न कायमचा मिटला.

आमच्यापुढील प्रश्न याहून जवळचा आहे. १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरांत गोळीबार झाला, कांहीं दिवस सरकारचा अंमल उठला आणि पुढें लष्करी कायदा जारी झाला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आलें. या चौघांच्या पुतळ्यांचीं चित्रें प्रत्येकाजवळ आहेत, व असावींत. पण ज्या रस्त्यांवर तें सर्व घडलें त्यांच्या दुतर्फा त्या वर्षीं उभीं असलेलीं घरें, ज्यांच्या माळवदांवरून लोकांनीं तो जमाव पाहिला असेल, त्यांतलीं कांहीं अजून उभीं आहेत. त्यांचीं चित्रें आम्हांस अद्यापि कोणी दाखविलीं नाहींत. पुतळा हा स्मरणाचा पुरावा आहे. तीं घरें घटनेचीं साक्षीदार. दोहोंत फरक करण्यास इतिहासाच्या अभ्यासकानें तरी शिकलें पाहिजे.

गिरण्यांची गोष्ट थोडक्यांत सांगूं. ज्या मुरारजी गोकुळदासांनीं जुनी गिरणी काढली त्यांचें नांव मुरारजी पेठेस राहिलें. गिरणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बंद पडली, आणि इतरही गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. या उलट, २०२३ च्या जून महिन्यांत विमानतळासाठीं सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडण्यांत आली तेव्हां ती कोसळतांना टिपणारीं यंत्रें असंख्य होतीं. पडण्याचा क्षण प्रत्येकानें घेतला. ती उभी असतां तिच्या पायथ्याशीं काय होतें, कोणत्या रस्त्यांवरून ती कशी दिसे, हें कितीकांनीं घेतलें असेल तें सांगणें कठीण. पाडकाम पाहावयास गर्दी जमते, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याविषयीं तक्रार करण्यांत अर्थ नाहीं.

येथवर दोष सांगितले. गुणही तितकेच खरे आहेत. पहिला गुण पायांचा. जो चालतो त्यास दिसतें. वाहनांतून जाणारास चाटी गल्ली म्हणजे खोळंबा. चालणारास ‘चाटी’ म्हणजे कापड विकणारा हा जुना शब्द आणि त्या शब्दाचीं दुकानें एकाच ठिकाणीं भेटतात. दुसरा गुण यंत्राचा. मित्ती, वेळ आणि जागा यांची नोंद मोबाइल यंत्र चित्राच्या पोटांत आपोआप करून ठेवतें. ही सोय आत्झेला किंवा बिग्जला स्वप्नांतही नव्हती. परंतु चित्र संदेशानें एकाकडून दुसऱ्याकडे गेलें कीं ही नोंद बहुधा गळून पडते आणि चौथ्या हातीं पोंचेपर्यंत तें अनाथ होतें. म्हणून मूळ चित्र संदेशावाटे न पाठवितां जसेंच्या तसें जतन करावें, आणि पेठ, गल्ली, तोंड कोणत्या दिशेस, घरांतल्यांनीं काय सांगितलें, हें हातानें वेगळें लिहून ठेवावें. कडीचें चित्र घ्यावेंच. पण आधीं रस्त्याचें, मग दोन्ही शेजाऱ्यांसह घराच्या दर्शनीचें, मग दाराचें, आणि शेवटीं कडीचें. घरांत शिरण्यापूर्वीं घरच्यांस विचारावें हें सोलापुरास सांगावयास नको. विचारलें कीं चहा मिळतो, आणि चहाबरोबर वाड्याची माहिती मिळते, ती कोणत्याही भिंगांत मावत नाहीं. शहरांत हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे. अशा ठिकाणीं या चित्रांचें एक दप्तर निघावें अशी आमची सूचना आहे.

हा क्रम कोठून आरंभावा असें कोणी विचारील. सोलापुरास त्यासाठीं तयार नकाशा आहे. बाराव्या शतकांतील सिद्धरामांनीं गांवांत व गांवाभोंवतीं अडुसष्ट लिंगें स्थापिलीं अशी परंपरा आहे, आणि दरवर्षीं संक्रांतीच्या सुमारास बाळीवेशींतील हिरेहब्बू वाड्यांतून निघालेले नंदीध्वज त्या लिंगांच्या वाटेनें जातात. मिरवणूक कोणत्या गल्लींतून जाते व कोठें वळते हें आजच्या वाहतुकीच्या सोयीनें ठरलेलें नाहीं. रस्ता रुंद झाला, वेस पडली, तरी मानाची वाट सहसा बदलत नाहीं. लिंगांपैकीं कांहीं मोठ्या देवळांत आहेत, कांहीं रस्त्याच्या कडेच्या कोनाड्याएवढ्या घुमटींत, कांहीं घरांच्या दाटींत अशीं बसलीं आहेत कीं ठाऊक नसणारा शेजारून निघून जाईल. नंदीध्वजाची उंच काठी हीच त्या दिवशीं मोजपट्टी. ती ज्या घरासमोरून जाते त्याचे मजले तिच्याशीं ताडून पाहतां येतात. नंदीध्वजांचीं व अक्षता सोहळ्याचीं चित्रें दरवर्षीं अलोट निघतात. पुढील खेपेस चार जणांनीं यंत्राचें तोंड थोडें वळवावें, आणि पहिल्या लिंगापासून अडुसष्टाव्यापर्यंत प्रत्येक लिंगाच्या डाव्या व उजव्या हातचें घर, क्रमांक घालून, टिपावें.